चौकटीतली थेरं

सांगायची गोष्ट नव्हे, पण पोटात राहत नाही म्हणून सांगते. आमची मावशी, वय वर्षं ७६, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, नऊच्या ठोक्याला कपभर दूध घेऊन आडवी होणारी बाई, ती हल्ली रात्री बारापर्यंत जागी असते. खोलीतला दिवा बंद आणि पांघरुणाच्या आत उजेड! काकांना आधी वाटलं, मोबाइलवर हरिपाठ लावून पडली असेल. मग एका रात्री पांघरुणातून स्पष्ट आवाज आला, “मेल्या, ए नाही, ई नाही, मग आहे तरी काय तुझ्यात?”

काका ताडकन उठून बसले. बावन्न वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनाही कधी आला नव्हता.

निघालं वर्डल. ज्यांना ठाऊक नाही असे पुण्यवान अजून शिल्लक असतील तर त्यांच्यासाठी सांगते. रोज एक इंग्रजी शब्द, पाच अक्षरांचा, ओळखायला सहा खेपा. अक्षर अचूक जागी पडलं तर चौकट हिरवी, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळी, नाहीच तर करडी. त्या तारखेला साऱ्या जगाला तोच शब्द. इथवर कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण हा नवा शब्द उघडतो ज्याच्या त्याच्या गावच्या मध्यरात्री. पुण्यात बारा वाजून मावशीच्या हाती उद्याचा शब्द पडतो, तेव्हा न्यूजर्सीतल्या तिच्या नातीकडे थंडीच्या दिवसांत आदल्या दुपारचे दीड वाजलेले असतात. साडेदहा तासांची सत्ता! एवढी सत्ता मावशीला सासूनं, सुनेनं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीनं मिळूनही कधी दिली नव्हती.

आणि सत्ता आली की माणसाची जीभ सुटते. एका रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशीनं लिहिलं, “अगदीच सोपा हो आजचा! काल नाश्त्याला आपल्याकडे हेच होतं.” (पोहे नव्हते, एवढंच सांगते.) नातीचा तिकडून फोन, “आजी, शोभतं का तुला हे?” आणि ती ग्रुपमधून बाहेर. जावयानं मध्ये पडून समेट घडवला तो पंधरा दिवसांनी. तह असा झाला, की अमेरिकेत तो दिवस उजाडून चहा होईस्तोवर पुण्यानं तोंड उघडायचं नाही.

बरं, याचं मूळ शोधायला जावं तर निघतं प्रेमप्रकरण. जॉश वॉर्डल नावाचा वेल्सकडचा एक संगणकवाला, न्यूयॉर्कात ब्रुकलिनला राहणारा. त्याची जोडीदारीण पलक शाह. तिला शब्दखेळांचा भारी नाद. आपल्याकडे माणूस गजरा आणतो, फारच उमाळा आला तर साडी. यानं तिच्यासाठी खेळ तयार केला, आणि नाव देताना स्वतःच्याच आडनावातलं एक अक्षर बदलून ते चिकटवलं. इंग्रजीत पाच अक्षरांचे शब्द निघाले बारा हजारांच्या आसपास, त्यातले कित्येक खुद्द इंग्रजांनी जन्मात उच्चारले नसतील असे. पलकबाईंनी सूप घेऊन बसावं तसे ते पाखडले आणि ओळखीचे तेवढे अडीच हजारांच्या आत आणून ठेवले. १ नोव्हेंबर २०२१ला हा खेळ खेळणारे होते ९०. दोन महिन्यांनी तीन लाख. जानेवारी २०२२ सरता सरता न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला. किंमत विचारली तर उत्तर मिळालं, सात आकडी, त्यातही खालच्या अंगाची. डॉलरमध्ये, बरं का!

न्यूयॉर्क टाइम्सनं घेतला, हे वाचलं आणि मला हसू आवरेना. कारण या घराण्याची जुनी भानगड मला ठाऊक आहे.

शंभर वर्षांमागची गोष्ट. न्यूयॉर्क वर्ल्ड नावाच्या दुसऱ्याच एका पेपरात आर्थर विन नावाचा लिव्हरपूलहून आलेला गृहस्थ रविवारची करमणुकीची पुरवणी सांभाळायचा. २१ डिसेंबर १९१३च्या अंकात जागा भरायला म्हणून त्यानं हिऱ्याच्या आकाराची चौकटींची आकृती काढली, खाली सूचक ओळी दिल्या आणि नाव ठेवलं ‘वर्ड-क्रॉस’. काही आठवड्यांनी छापखान्यात शब्द उलटे पडले आणि झालं ‘क्रॉस-वर्ड’. खेळाचं नावच मुळी मुद्रणदोष. ज्याचा पायाच असा, त्याच्याकडून वळणाची काय अपेक्षा करायची?

दहा वर्षं हे प्रकरण आपलं एका कोपऱ्यात पडून होतं. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या दोन पोरांनी प्रकाशनाचं दुकान थाटलं. छापायला हाताशी काही नाही. सायमनच्या मावशीनं (पाहा, तिथेही मावशीच!) विचारलं, या कोड्यांचं पुस्तक कुठे मिळतं का रे? मिळत नव्हतं. दोघांनी छापलं खरं, पण नव्या पेढीच्या नावाला बट्टा नको म्हणून मुखपृष्ठावर नाव भलतंच टाकलं, प्लाझा. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं ते असं. पहिली आवृत्ती ३६०० प्रतींची, सोबत पेन्सिल फुकट. वर्ष उलटेपर्यंत खप लाखांच्या घरात गेला, आणि मग भांडं लपवायची गरज उरली नाही.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगावं! बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं उतारूंसाठी गाड्यांत शब्दकोश ठेवले. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानं त्या सालच्या अहवालात तक्रार नोंदवली, की कोडेबाजांची झुंड शब्दकोशांवर आणि विश्वकोशांवर अशी तुटून पडते की खऱ्या वाचकाला जवळ जाता येत नाही. शिकागोत एक बाई नवऱ्याविरुद्ध कोर्टात गेली, का तर तो कोड्यांपायी संसाराकडे बघत नाही. तेव्हाच्या पेपरांतल्या बातमीप्रमाणे न्यायाधीशांनी नवऱ्याला दिवसाला तीन कोडी बांधून दिली. तीन! आपल्याकडे पूर्वी वैद्य तंबाखूच्या चिमट्या मोजून द्यायचे, त्यातलाच प्रकार. ब्रॉडवेवर ‘पझल्स ऑफ १९२५’ नावाचा तमाशा लागला, त्यात कोड्यांनी डोकं फिरलेल्यांचं रुग्णालयच दाखवलं होतं.

अशा वेळी समाजाच्या अब्रूची काळजी कोणी वाहावी? न्यूयॉर्क टाइम्सनं वाहिली. नोव्हेंबर १९२४मध्ये या सोवळ्या दैनिकानं लिहिलं, की हा शब्दांचा नाद म्हणजे वेळेची पापासमान नासाडी, यात धड खेळ नाही आणि धड विद्याही नाही, खुळांच्या जुन्या परंपरेतलं आणखी एक खूळ. पुढच्याच वर्षी भविष्यही वर्तवलं, की लाट ओसरत चालली आहे, काही महिन्यांत लोक विसरून जातील. समुद्रापलीकडे लंडनच्या टाइम्सनं डिसेंबर १९२४मध्ये मथळाच दिला, अमेरिका गुलाम झाली! इंग्रजांना दुसऱ्याच्या गुलामगिरीचं दुःख व्हावं, तेही १९२४ साली, हे वाचताना आपल्या लोकांना काय वाटलं असेल ते सोडा. पुढच्या वर्षी तीच साथ लंडनला पोचली आणि डलिचच्या ग्रंथालयात कर्मचारी शाईनं पेपरातल्या कोड्यांच्या चौकटी काळ्या करत बसले, म्हणजे एकच माणूस तासभर पेपर अडवून धरणार नाही. आमच्या वाचनालयात सुडोकू आधीच कोणीतरी भरून ठेवतं, निदान पेनानं तरी भरू नका असं लिहिलेली पाटी आहे. तीही पेनानं लिहिलेली.

आता पुढचं ऐका. १ फेब्रुवारी १९३० रोजी लंडनच्या टाइम्सनं कोडं सुरू केलं. ज्यांना अमेरिकेची दया येत होती ना, तेच हे. आणि रचायला धरलं कोणाला? एड्रियन बेल नावाच्या तरुण लेखकाला. सफक परगण्यात शेती करायचा. वडील पेपरात होते, त्यांनी मुलाचं नाव सुचवलं. रचणं दूरच, गड्यानं तोवर एक कोडं सोडवलंही नव्हतं. पुढे त्यानं टाइम्ससाठी चार हजारांवर कोडी रचली.

न्यूयॉर्क टाइम्सनं मात्र ताणून धरलं. सगळ्या शेजाऱ्यांकडे टीव्ही आला तरी आमच्यात तसलं चालत नाही म्हणणारं एक घर असतं तसं. मालकच दुसऱ्या पेपरातलं कोडं सोडवायला तो पेपर विकत घेतात, अशी कुजबुज होती म्हणे. शेवटी पर्ल हार्बर झालं, युद्ध दारात आलं, लोकांच्या जिवाला विरंगुळा हवा अशी सबब मिळाली आणि १५ फेब्रुवारी १९४२च्या रविवारी कोडं छापून आलं. संपादक म्हणून आणल्या मार्गारेट फरार. १९२४च्या त्या पेन्सिलवाल्या पुस्तकाचे तीन संपादक होते, त्यांतल्याच या एक! जिच्यामुळे पोरं बिघडली म्हणून बोटं मोडली, तिलाच सून करून आणली. आणि आज वर्डलही त्यांचंच.

खरं तर यातलं अर्धं पाप इंग्रजी भाषेच्या माथी मारायला हवं. ती भाषाच अशी छचोर, की तिच्याशी खेळायचा मोह व्हावा. जसं लिहायचं तसं बोलायचं नाही हा तिचा कुळाचार. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ओळीनं आली की ‘दो’मध्ये ओ, ‘थ्रू’मध्ये ऊ, ‘टफ’मध्ये अफ, ‘कॉफ’मध्ये ऑफ आणि फांदीला म्हणतात त्या ‘बाउ’मध्ये आउ. एका माणसाची पाच घरी पाच नावं असती तर आपण पोलिसांत कळवलं असतं. ‘चुपके चुपके’त धर्मेंद्रनं टीओ टू, डीओ डू तर जीओ गू का नाही, असं विचारलं त्याला १९७५पासून आजतागायत कोणी उत्तर दिलेलं नाही.

यातलं सगळ्यात खमंग प्रकरण आपल्या इगतपुरीजवळ घडतं, हे किती जणांना माहीत आहे? नाशिककडे जाताना घोटी लागतं. टोलनाका आहे, कळसूबाईला जाणारी मंडळी तिथूनच वळतात. इंग्रजी पाटीवर जी, एच, ओ, टी, आय. आता ‘इनफ’मधल्या जीएचचा उच्चार घ्या, फ. ‘विमेन’ या शब्दात ओचा उच्चार इ होतो, तो घ्या. ‘नेशन’मधल्या टीआयचा श घ्या. जोडा. फिश! अख्ख्या घोटीचा मासा झाला. इंग्रजी स्पेलिंगची टर उडवायला हे उदाहरण जगभर देतात आणि श्रेय देतात बर्नार्ड शॉला, कारण स्पेलिंग सुधारण्याचा त्याला ध्यास होता. पण ही चहाडी एका पत्रात आधीच सापडते, आणि ते पत्र आहे १८५५चं. शॉचा जन्म १८५६चा. जन्माला यायच्या आधी माणसानं विनोद केला असं म्हणायला पुराणातच जावं लागेल. घोटीकरांनी तरी निदान एखाद्या हॉटेलात ‘फिश थाळी’ची पाटी लावून याचा फायदा घ्यायला हरकत नव्हती.

आणि शब्दकोशांवर विसंबणाऱ्यांनो, तिथेही सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. अमेरिकेच्या थोरल्या वेब्स्टर कोशाच्या कचेरीत १९३१ साली रसायनशास्त्राच्या संपादकानं एक चिठ्ठी पाठवली. मतलब एवढाच, की ‘डी ऑर डी’, म्हणजे मोठी डी किंवा लहान डी, हे घनतेचं लघुरूप धरावं. चिठ्ठी भलत्या गठ्ठ्यात गेली, मधल्या जागा कोणाच्या लक्षात आल्या नाहीत, आणि १९३४च्या आवृत्तीत शब्द जन्माला आला: ‘डॉर्ड’, नाम, अर्थ घनता. ना आई ना बाप, ना ग्रीक ना लॅटिन. उच्चारासकट पाच वर्षं सभ्य शब्दांच्या पंगतीत जेवत होता. १९३९मध्ये एका संपादकाच्या ध्यानात आलं, की याच्यापुढे व्युत्पत्ती लिहिलेली नाही. गोत्र विचारलं तेव्हा उघडकीला आला. मला त्या डॉर्डची फार दया येते. इंग्रजीतले कितीतरी शब्द फ्रेंचांच्या घरातून उचलून आणलेले, त्यांना कोणी विचारत नाही.

अशा भाषेत कोडं घालायचं तर सरळ कशाला घालतील? अमेरिकन कोडं निदान समोरासमोर बोलतं: अमुक नदी, चार अक्षरं. इंग्रजांनी त्याला तिरकं बोलायला शिकवलं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६पासून कोडी रचणाऱ्या गृहस्थानं टोपणनाव घेतलं तॉर्केमादा, स्पेनमधल्या धर्मपीठाच्या कुप्रसिद्ध छळाधिकाऱ्याचं. हेतू उघड होता. खरं नाव एडवर्ड पॉविस मॅथर्स. आणि हा छळवादी फावल्या वेळात काय करत असेल? संस्कृतातल्या बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चं इंग्रजी रूपांतर! राजकन्येवर प्रेम केलं म्हणून सुळावर निघालेल्या कवीच्या आठवणी ज्यानं रंगवून सांगितल्या, तोच रविवारी सकाळी सभ्य इंग्रजांना सुळावर चढवायचा. १९३४ साली त्यानं ‘केन्स जॉबोन’ नावाची रहस्यकथा काढली. शंभर पानं, मुद्दाम उलटसुलट छापलेली. क्रम लावा आणि खुनी शोधा. शंभर पानं ज्या ज्या क्रमांनी लावता येतात तो आकडा १५८ अंकी आहे. तेव्हा दोघांनी सोडवली. २०२१मध्ये टिकटॉकवरच्या पोरांना ती सापडली आणि घराघरांत भिंतींवर शंभर पानं चिकटली. भाडेकरूंनी चिकटवली असतील तर घरमालकांचं काय झालं असेल, देव जाणे.

या तिरक्या कोड्यांचा मासला एकच दाखवते, कारण तो नागरीतही जगतो. सूचक ओळ अशी: एच, आय, जे, के, एल, एम, एन, ओ. उत्तर पाच अक्षरांचं. आमच्या काकांनी हे वाचलं आणि म्हणाले, “यात काय आहे, बालवाडीतली मुळाक्षरं आहेत.” मावशी म्हणाली, “अहो, कुठून कुठपर्यंत आहेत ते बघा.” एचपासून ओपर्यंत. इंग्रजीत म्हणायचं तर एच टू ओ. म्हणजे? काका थोडा वेळ गप्प बसले, मग मावशीनं पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्यासमोर ठेवला. वॉटर!

त्या दिवसापासून काकांच्या नजरेत फरक पडला, असं माझं मत आहे. पण ते नंतर.

मराठीत अशी थेरं नाहीत असा टेंभा मिरवू नये. ‘रामाला भाला मारा’ आणि ‘ती होडी जाडी होती’ ही उलटसुलट सारखी वाक्यं म्हणत आपण लहानाचे मोठे झालो. त्या रामानं कोणाचं काय बिघडवलं होतं, हे कोणी विचारलं नाही. गणपतीला लिहिताना अडवायला व्यासांनी ८८०० कूटश्लोक घातले, असं परंपरा सांगते. म्हणजे क्लिष्ट कोडं घालून लेखनिकाचा वेळ काढण्याची युक्ती आपली आहे, इंग्रजांनी उगाच मिशीला पीळ भरू नये. फरक चौकटीचा. मराठी कोड्यात एका चौकटीत काना, मात्रा, जोडाक्षरासकट अख्खं अक्षर बसतं. ‘स्त्री’ला एकच घर पुरतं. इंग्रजी बाईला पाच खोल्या लागतात.

पण ज्यांना वाटतं की हा सगळा साहेबाचा रिकामटेकडेपणा, आपण त्यातले नव्हे, त्यांनी मुंबईकडे पाहावं. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे बक्षिसाच्या शब्दकोड्यांनी असा धुमाकूळ घातला होता की प्रकरण दिल्लीला गेलं. पेपरातलं कूपन कापायचं, प्रवेश फी भरायची, उत्तर पाठवायचं आणि हजारोंच्या बक्षिसाची वाट बघत बसायचं. त्यातली मेख चौकटीत असायची. समजा सी आणि टी छापलंय, मधली चौकट रिकामी. सूचक ओळ म्हणते, दमून घरी आलेल्याला ही दिसली की बरं वाटतं. आता ‘कॅट’ की ‘कॉट’? मांजर की खाट? दोन्ही बसतात. बरोबर कुठलं, ते पाकिटात मोहरबंद. मग माणूस काय करणार? एक कूपन मांजराचं, एक खाटेचं, आणि अशा दहा जागा असतील तर घरभाडं कूपनांत.

मुंबई राज्यानं १९४८ साली यावर कायदा केला. पण कोड्यांचा पेपर बंगळुरूला छापून मुंबईत यायचा. ‘स्पोर्टिंग स्टार’ त्याचं नाव, चालवणारे आर. एम. डी. चमारबागवाला. १९५२मध्ये सरकारनं कायदा ताणून बाहेरच्या पेपरांवरही आणला. ते दिवस मोरारजींच्या दारूबंदीचे. दारू बंद आणि आता खाट-मांजरही बंद! मुंबई उच्च न्यायालयात कोडेवाले जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकाल दिला: हा जुगार आहे, आणि जुगार हा घटनेनं राखलेला व्यापार नव्हे. निकालपत्रात ऋग्वेदातला जुगारी आला, महाभारत आलं, मनू आणि याज्ञवल्क्यही आले. खाट आणि मांजर यांच्या वादात धर्मराजाला साक्षीला उभं केलं हो! एव्हाना संसदेनं १९५५चा कायदाही करून ठेवला होता: महिन्याची बक्षिसं मिळून हजार रुपयांच्या वर नकोत, आणि एका स्पर्धेला प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. खरोखर अक्कल लागत असेल तर कोडं जुगार नव्हे, असंही न्यायालयानं त्याच दिवशी दुसऱ्या खटल्यात सांगितलं. तेव्हा मावशी निर्दोष आहे. तिची अक्कल लागते, फक्त ती रात्री बारानंतर लागते.

विलायतेत तर एका मुख्याध्यापकाच्या घरापर्यंत सरकारची माणसं गेली होती. लेनर्ड डॉ हे डेली टेलिग्राफची कोडी रचायचे. १९४४च्या मे महिन्यात त्यांच्या कोड्यांत उत्तरं येऊ लागली: २ तारखेला युटा, २२ला ओमाहा, २७ला ओव्हरलॉर्ड, ३०ला मलबेरी, १ जूनला नेपच्यून. ही सगळी नॉर्मंडीवरच्या चढाईची गुप्त नावं, आणि चढाई ठरलेली जूनच्या पहिल्या आठवड्यात! एमआय फाइव्हवाल्यांनी मास्तरांना उभं-आडवं विचारलं. मास्तर म्हणाले, मला वाटतील ते शब्द मी वापरीन, त्याला बंदी आहे का? चाळीस वर्षांनी त्यांचा एक विद्यार्थी बोलला. मास्तर रिकाम्या चौकटी मुलांना भरायला द्यायचे, आणि शाळेजवळ तळ पडलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द मुलं त्यात भरायची. सैनिकांना गुप्तता, पोरांना गंमत, आणि जर्मनांना सुगावा लागला नाही म्हणून बरं. याच टेलिग्राफनं जानेवारी १९४२मध्ये १२ मिनिटांत कोडं सोडवण्याची शर्यत लावली, तर त्यातल्या काही जणांना नंतर सरकारी पत्रं आली आणि ते ब्लेचली पार्कला शत्रूची सांकेतिक भाषा फोडायला रुजू झाले. एका खात्यानं कोडं रचणाऱ्याला धरलं, दुसऱ्यानं सोडवणाऱ्यांना कामाला ठेवलं.

आणि अमेरिकेत १९२५पासून, म्हणजे त्याच खुळाच्या ऐन भरात, स्पेलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. त्यात आता आपली मुलं. २०१९ला आठ जणांना मिळून पहिलं बक्षीस द्यावं लागलं, कारण आयोजकांकडचे कठीण शब्द संपले. आठातली सात भारतीय वंशाची. ज्यांच्या आजोबांना ‘रिसीव्ह’मध्ये आय आधी की ई आधी म्हणून छड्या बसल्या, त्यांच्या नातवंडांनी साहेबाचा कोश रिकामा केला.

आमच्या मावशीला छड्या बसल्या नाहीत, पण इंग्रजी आठवीपासूनचं आणि वीरकरांची डिक्शनरी उशाला. तिचं सगळ्यात मोठं भांडण झालं ५ मे २०२२ला. त्या दिवशीचा शब्द होता ‘होमर’. मावशीला होमर म्हणजे इलियडवाला आंधळा कवी, आणि विशेषनाम तर चालत नाही! बेसबॉलमधल्या होम रनला अमेरिकेत होमर म्हणतात, हे क्रिकेटवर वाढलेल्या बाईनं कुठून जाणावं? तिनं पहाटेपर्यंत या घटनेचा निषेध केला. एकटी नव्हती ती. जानेवारीत ‘फेव्हर’ यू गाळून आला तेव्हा इंग्रज खवळले होते, आणि होमरच्या दिवशी इतक्या लोकांनी केंब्रिजच्या कोशात धाव घेतली की वर्ष सरताना केंब्रिजनं २०२२चा शब्द म्हणून होमरच जाहीर केला. मावशीनं ती बातमी कापून डिक्शनरीत ठेवली आहे. पुरावा म्हणून.

आता काकांचं. निंदकांचं पुढे काय होतं ते वर दोन्ही टाइम्सच्या बाबतीत सांगितलंच आहे. पाण्याच्या तांब्यापासून काकांनी इंग्रजी पेपर आधी शेवटून उघडायला सुरुवात केली. मग चष्म्याच्या घरात पेन्सिलीचा तुकडा सापडला. मग एक दिवस सोसायटीच्या सभेत पाणीकपातीचा विषय निघाला, तर काका कागदावर बघत स्वतःशीच म्हणाले, “एचपासून ओपर्यंत.” सेक्रेटरीला वाटलं, विंग एचपासून विंग ओपर्यंत पाणी बंद. आमच्या सोसायटीला विंगा चारच आहेत.

गेल्या शनिवारी मी मावशीकडेच झोपायला होते. बारा वाजून गेले होते. पांघरुणाखालून मावशीचा आवाज, “अहो, शेवटचं वाय असेल का?” आणि काकांचा, “अगं, आधी मधलं तर लागू दे.” मग दोघांनी मलाच हाक मारली, कारण सहावी खेप उरली होती. मी नाही नाही म्हणत गेले, आणि लागला शब्द!

तेव्हा एवढी विनंती आहे. तुमचं कोणी न्यूजर्सीत असेल, तर आमच्या घरचं हे तिकडे बोलू नका. नातीकडे तेव्हा शनिवारच्या दुपारचे दीड वाजले होते, आणि तिचा शनिवारचाच शब्द अजून अडलेला होता.